ठुशीच्या बदल्यात व्हाउचर? ब्रिटनमधल्या घरविम्याच्या क्लेमवर कंपनीला काय उत्तर द्यावं

चोरी झाली, पोलिसांकडून क्राइम रेफरन्स नंबर मिळाला, विमा कंपनीला कळवलं. इथवर कोणाचं फारसं चुकत नाही. चुकतं ते पुढे, कंपनीचं पत्र येतं तेव्हा: रोख पैसे मिळणार नाहीत, आमच्या ठरलेल्या ज्वेलरकडे जा, तिथून बदली दागिने घ्या किंवा हे व्हाउचर वापरा. आमच्या लेस्टरच्या घरातली चोरी आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांचे क्लेम मी हाताळले आहेत. पैसे बुडतात ते नेहमी याच वळणावर.

आधी पॉलिसी काढा. 'न्यू फॉर ओल्ड' असेल तर जुन्या दागिन्याच्या जागी तसाच नवा मिळायला हवा. खरेदीची वीस वर्षांपूर्वीची किंमत नव्हे, आज तो घडवायला येणारा खर्च. मग एका वस्तूची मर्यादा बघा. दागिना त्या मर्यादेच्या वरचा असेल आणि पॉलिसीत वेगळा नोंदवलेला नसेल, तर मर्यादेपुरतेच पैसे मिळतील. त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका.

यादी करा: दागिना, कॅरेट, वजन ग्रॅममध्ये, घडण. पावती नसेल तर लग्नाचे, डोहाळजेवणाचे, हळदीकुंकवाचे फोटो चालतात, गावच्या सोनाराची वही चालते. चोरीला न गेलेली एक बांगडीही तिच्यात घालू नका. 2015 च्या इन्शुरन्स अॅक्टनुसार खोटा क्लेम आढळला तर कंपनी अख्खा क्लेम नाकारू शकते, खरे दागिनेही त्यात जातात. "थोडं वाढवून सांग, ते कापतातच" असं सांगणारी माणसं दर समारंभात भेटतात. त्यांचं ऐकू नका.

बदली दागिन्याला नकार कसा द्यायचा

इथे मी स्वतः दोन महिने घालवले. रोज फोन करायचे, आजीची ठुशी होती म्हणून सांगायचे. समोरची मुलगी मनापासून हळहळायची आणि पुढच्या आठवड्यात तेच व्हाउचर पुन्हा यायचं. माया विम्यात धरलेली नसते. वजन, कॅरेट आणि घडण धरलेली असते, म्हणून बोलायचं ते त्यांच्यावरच.

सगळ्यात वाईट सल्ला हा की, "त्या दुकानात पाऊलच टाकू नका, रोख मागा." असं केलंत की कंपनी म्हणते, आम्ही दागिना देऊ शकत होतो, पैसे तुम्हाला हवे होते. मग त्यांना त्या दुकानातून ज्या सवलतीच्या दरात माल मिळतो, तेवढीच रक्कम तुमच्या हातावर ठेवतात. वस्तू देणं त्यांना शक्य असेल आणि रोख तुमच्या हौसेनं घेतली जात असेल, तर ही कपात बहुधा योग्यच ठरते. उलट तसा दागिना त्यांना देताच येत नसेल, तर पूर्ण किंमत रोख द्यावी, अशी फायनान्शियल ऑम्बुड्समन सर्व्हिसची, म्हणजे विमा कंपन्या आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेची, साधारण भूमिका आहे. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: हा दागिना ते देऊ शकतात का? आणि "नाही" हे उत्तर तुमच्याऐवजी त्यांच्या ज्वेलरकडून यायला हवं.

म्हणून दुकानात जाच. फोटो आणि यादी घेऊन जा आणि विचारा: 22 कॅरेटची, 23 ग्रॅमची, गुंफलेल्या मण्यांची ठुशी घडवून द्याल का? हाय स्ट्रीटवरच्या दुकानांत मुख्यतः 9 आणि 18 कॅरेटचा माल असतो. आम्ही गेलो तेव्हा दुकानदारानं नऊ कॅरेटची एक जाड साखळी पुढे केली. 22 कॅरेटच्या 23 ग्रॅममध्ये साधारण 21 ग्रॅम शुद्ध सोनं असतं, 9 कॅरेटच्या तेवढ्याच वजनात साडेआठच्या आसपास. हा हिशोब पत्रात जसाच्या तसा लिहा, तो कोणालाही कळतो. आणि दुकानदाराचं "आम्ही हे करत नाही" हे वाक्य ईमेलवर घ्या. तोंडी नकाराला काही किंमत नाही. तो लिहून देत नसेल तर घरी येऊन तुम्हीच त्याला मेल करा: आज मी आले होते, तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना? त्याची प्रत कंपनीला पाठवा.

मग किंमत सिद्ध करा. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड किंवा लंडनमधलं वेम्ब्ली, साउथॉल इथल्या 22 कॅरेटवाल्या सोनाराकडून एक कोटेशन घ्या, आणि ठुशी, कोल्हापुरी साज, चिंचपेटी अशा दागिन्यांसाठी पुण्या-कोल्हापूरच्या सोनाराकडून दुसरं. त्यात तारीख, सोन्याचा दर आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. भारतातून मागवावं लागणार असेल तर इकडचा 20 टक्के व्हॅटही मांडा. विमानानं येताना करमुक्त सवलत अवघी 390 पौंडांची आहे, ठुशी तिच्यात बसत नाही.

साध्या गोल पाटल्या मात्र साउथॉलचा सोनारही छान घडवतो. कंपनी अशाच 22 कॅरेटवाल्याकडून, त्याच वजनाच्या करून देत असेल तर घ्या. सगळ्याच वस्तूंवर अडून बसलात तर ठुशीची खरी बाजूही लंगडी पडते.

नुकसान तपासायला येणारा लॉस अॅडजस्टर कितीही गोड बोलला तरी तो कंपनीनं नेमलेला असतो. त्याच्या कागदावर 'फुल अँड फायनल', म्हणजे यापुढे काही मागणार नाही, असं दिसलं तर सही करू नका. ज्या रकमेवर वाद नाही ती आधी द्या, बाकीचा वाद चालू राहील, असं लेखी मागा. आम्हाला पाटल्यांचे पैसे तसेच आधी मिळाले.

तरी ऐकलं नाही, तर पत्राच्या पहिल्याच ओळीत 'कंप्लेंट' हा शब्द लिहा. नुसती नाराजी लिहिलीत तर उत्तराची मुदत कधी सुरू झाली यावरूनच पुन्हा वाद होईल. तक्रार पोचल्यापासून कंपनीला आठ आठवडे असतात. 'फायनल रिस्पॉन्स' आला, किंवा आठ आठवडे कोरडे गेले, की ऑम्बुड्समनकडे जा. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. पण फायनल रिस्पॉन्सच्या तारखेपासून सहाच महिने मिळतात. त्या काळात भारतात लग्नाला जाणार असाल तर जायच्या आधी फॉर्म भरा. ऑम्बुड्समनचा अंतिम निर्णय तुम्ही स्वीकारलात तर कंपनीला तो पाळावाच लागतो. नाही स्वीकारलात तर कोर्टाची वाट मोकळी राहते.