मॅनोमेट्री आणि २४ तासांची आम्लचाचणी : जाण्यापूर्वीची तयारी

छातीतली जळजळ, घशाशी येणारे आंबट पाणी आणि करपट ढेकर गोळ्यांनी पुरते थांबत नसतील, किंवा त्यांवर शस्त्रक्रिया करण्याचा विचार सुरू असेल, तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीच्या तपासणीनंतर बहुधा आणखी दोन तपासण्या सुचवतात. मॅनोमेट्रीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या झडपेचा दाब मोजला जातो, तर आम्लचाचणीत दिवस-रात्र मिळून किती वेळ आम्ल वर चढते याची नोंद होते. दोन्ही तपासण्यांत यंत्र सहसा आपले काम चोख करते आणि गफलत होते ती बहुतेक वेळा तयारीत. म्हणून घरून निघण्यापूर्वी काय काय पाहून ठेवावे ते येथे सविस्तर दिले आहे. तपासणी केंद्राने किंवा आपल्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असल्यास अर्थातच त्यांचेच ऐकावे.

तयारीला लागण्यापूर्वी मोजायचे काय आहे हे समजून घेतलेले बरे, कारण पुढच्या बऱ्याच सूचनांचे कारण त्यातच आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे साधारण ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचे स्नायूंचे कडे असते; त्याला आपण झडप म्हणतो, पण दाराच्या फळीसारखे तिथे काही नसते. या कड्याला बाहेरून श्वासपटलाच्या स्नायूचा आधार असतो आणि जठराचा भाग श्वासपटलातून वर छातीत सरकला, म्हणजे हायटस हर्निया झाला, की तो आधार निसटतो. एरवी कड्यात पाऱ्याच्या सुमारे १० ते ३० मिलिमीटरइतका दाब असतो. घास गिळला की काही सेकंदांपुरते ते सैल होते आणि पुन्हा आवळते. मात्र जेवणाने जठर ताणले गेले की काहीही गिळलेले नसतानासुद्धा ते मधूनच १० सेकंदांहून अधिक काळ उघडते. ढेकर येते ती याच वाटेने. हे प्रत्येकाच्याच पोटात घडते, पण पित्ताचा त्रास असणाऱ्यांत हवेबरोबर आम्लही वर येते. त्यामुळे अनेक रुग्णांच्या झडपेचा दाब तपासणीच्या वेळी अगदी ठीक भरतो, आणि ‘मॅनोमेट्री नॉर्मल आली म्हणजे त्रास मनाचा आहे’ असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये.

याच्या उलट दोषही असतो. अ‍ॅकलेशिया या विकारात झडप गिळतानाही उघडत नाही, अन्न वरच साचून आंबते, त्यामुळे जळजळ होते, तोंडात पाणी येते, आणि रुग्ण ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहतो. अशा माणसाची झडप आवळून घेणारी फंडोप्लिकेशनची शस्त्रक्रिया केली गेली, तर पाणीही उतरेनासे होईल. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी मॅनोमेट्री टाळू नये, खर्चाच्या कारणानेही नाही.

तारीख घेण्याआधी दोन गोष्टींची खातरजमा करावी. छातीतले दुखणे चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, सोबत घाम फुटत असेल, तर आधी ईसीजी आणि हृदयाची तपासणी करावी आणि असे दुखणे अचानक सुरू झाले तर थेट रुग्णालय गाठावे. ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नये. तसेच घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा रक्त कमी भरणे यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये.

तारीख ठरवताना घरातले दिनमानही पाहावे. चाचणीचे २४ तास आपल्या नेहमीच्या दिवसासारखे जायला हवेत. लग्नकार्य, गौरी-गणपती, लांबचा प्रवास, एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपास असे दिवस त्यासाठी निरुपयोगी असतात. शिवाय चाचणीआधीच्या आठवड्यात औषध बंद ठेवावे लागण्याची शक्यता असते, आणि तो आठवडा सुखाचा जात नाही.

सगळ्यांत जास्त लक्ष औषधांकडे द्यावे. पहिला प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा : चाचणी औषध बंद करून करायची आहे की चालू ठेवून? विकार अद्याप सिद्ध झालेला नसेल तर सहसा औषध बंद करून करतात. दुर्बिणीत आधीच तीव्र व्रण दिसलेले असतील आणि तरीही गोळ्यांनी आराम का पडत नाही हे शोधायचे असेल, तर औषध चालू ठेवूनच करतात. बंद करायचे ठरले तर पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गटातल्या गोळ्या सामान्यतः ७ दिवस आधी आणि फॅमोटिडीनसारख्या गोळ्या सुमारे ३ दिवस आधी थांबवतात. नुकत्याच प्रचारात आलेल्या व्होनोप्राझानविषयीही विचारून घ्यावे. गोळी थांबवल्यावर जठर काही दिवस नेहमीपेक्षा अधिक आम्ल तयार करू शकते, त्यामुळे जळजळ उसळली म्हणून घाबरू नये. त्या काळात अँटासिडचे पातळ औषध चालेल का आणि ते शेवटचे कधी घ्यायचे, हे आधीच विचारून लिहून ठेवावे. चाचणीच्या आदल्या दिवसापासून तेही बहुधा बंद करायला सांगतात.

आपल्याकडे खरी अडचण जोडगोळ्यांची आहे. पॅन-डीसारख्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोनही असते, काही कॅप्सूलमध्ये राबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड किंवा इटोप्राइड असते. पहिले औषध आम्ल कमी करते, दुसरे अन्ननलिकेच्या व जठराच्या हालचालींवर परिणाम करते, म्हणजे एकाच कॅप्सूलमुळे दोन्ही तपासण्यांची मोजमापे बदलू शकतात. ‘पोटाची गोळी’ एवढ्या नावाने ती डॉक्टरांना सांगू नये. पाकिटाची मागची बाजू वाचून दोन्ही घटक लिहून न्यावेत किंवा पाकीटच सोबत न्यावे.

त्याहून जास्त निसटतात ती घरगुती आणि आयुर्वेदिक औषधे, कारण ती औषधे आहेत असे कुणाला वाटतच नाही. ईनो म्हणजे मुख्यतः खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. शंखभस्म आणि शौक्तिक भस्म ही कॅल्शियमची भस्मे असून तीही आम्ल मारतात, आणि कामदुधेतही मोती, प्रवाळ, शंख, कवडी हेच घटक आहेत. त्यांचा उपयोग होतो म्हणूनच ती सांगायला हवीत. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसमोर काढ्या-भस्मांचे नाव काढायला लोक संकोचतात, पण हा संकोच चाचणीला महागात पडतो. सात दिवस पॅन्टोप्राझोल बंद ठेवून रोज दोन वेळा कामदुधा घेणाऱ्याची चाचणी औषधाविना झाली असे म्हणता येणार नाही.

इतर आजारांची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. रक्तदाबाची निफेडिपिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, दम्याची थिओफायलिन ही औषधे झडप सैल करू शकतात आणि अफूजन्य वेदनाशामके अन्ननलिकेच्या हालचाली बिघडवतात. पण त्यांतली कोणती किती काळ थांबवता येतील हे ज्यांनी ती दिली त्याच डॉक्टरांनी ठरवायचे आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास जरूर सांगावे, कारण नळी नाकातून जाते आणि नाकातून थोडे रक्त येऊ शकते. मधुमेह असेल तर उपाशी राहायच्या सकाळी इन्शुलिन किंवा साखरेची गोळी किती घ्यायची हे आधी विचारावे. सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो; तेही सांगावे.

कागदपत्रांत दुर्बिणीचा अहवाल सर्वांत वर ठेवावा. त्यात अन्ननलिकेच्या दाहाची लॉस एंजेलिस प्रतवारी ए पासून डी पर्यंत दिलेली असते. हर्निया असल्यास त्याची लांबी सेंटिमीटरमध्ये असते. बायोप्सीसाठी तुकडा घेऊन तपासला असेल तर त्याचा अहवाल, नाकाच्या हाडाची किंवा सायनसची जुनी शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचे कागद, आणि बधिर करणाऱ्या लिग्नोकेन या औषधाची ॲलर्जी असेल तर तशी नोंद सोबत असावी.

तपासणीपूर्वी साधारण ६ तास काही खाऊ नये. पाणी कधीपर्यंत चालेल ते केंद्र सांगते. सकाळचा चहा ‘थोडासाच’ म्हणून घेऊ नये आणि त्या सकाळी मिश्री, तंबाखू, मावा, सिगारेट यांनाही हात लावू नये, कारण निकोटिनने झडपेचा दाब उतरतो. पुढचे २४ तास यंत्र अंगावर असल्याने आंघोळ करता येत नाही, म्हणून डोक्यावरून आंघोळ करूनच निघावे. नळी गालावर पट्टीने चिकटवतात, त्यामुळे चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावू नये, पुरुषांनी दाढी करून यावे, आणि स्त्रियांनी नथ, मोरणी वा चमकी घरीच काढून ठेवावी. ऐनवेळी घट्ट बसलेली चमकी काढत बसणे फार त्रासाचे होते. डोक्यावरून काढायचा सदरा किंवा कुर्ता न घालता पुढून बटणे असलेला घालावा. नोंदयंत्र कमरेला किंवा खांद्याला लटकते, तेव्हा साडीची नीरी फार आवळून खोचू नये.

प्रत्यक्ष मॅनोमेट्रीत भूल देत नाहीत. नाकात बधिर करणारी जेली लावून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची नळी आत सरकवतात. ती घशाशी पोहोचली की हनुवटी छातीला टेकवून पाण्याचे छोटे घोट गिळायला सांगतात. उबळ येते ती याच क्षणी, आणि नळी खाली उतरली की बहुतेकांना ती कमी झालेली जाणवते. मग आडवे झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे १० घोट, नंतर बसवून आणखी ५ घोट, अशा क्रमाने मोजणी होते. अन्ननलिकेच्या हालचालींच्या विकारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०२१ च्या शिकागो वर्गीकरणात हीच पद्धत सांगितली आहे. नंतर भराभर छोटे घोट आणि २०० मिलिलिटर पाणी एका दमात प्यायला सांगतात. यात अवघड भाग वेगळाच असतो : प्रत्येक घोट एकदाच गिळायचा आणि पुढचा घोट येईपर्यंत, सुमारे अर्धा मिनिट, थुंकीसुद्धा गिळायची नाही. दोनदा गिळले की तो घोट बाद होतो. घरी चहाच्या चमचाभर पाण्याने याचा थोडा सराव केला तर उपयोग होतो, आणि तो सराव मजेशीरही असतो.

मॅनोमेट्री आधी करतात त्यालाही कारण आहे. आम्लचाचणीचा संवेदक झडपेच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर वर बसवावा लागतो, आणि ती कडा नेमकी कुठे आहे हे मॅनोमेट्रीत कळते. ही दुसरी नळी बरीच बारीक असते आणि ती घेऊनच घरी जायचे असते.

आता पुढच्या २४ तासांविषयी. चांगले वागायचे म्हणून लोक या दिवशी मऊ भात आणि ताक खाऊन पडून राहतात, आणि अहवाल निर्दोष येतो. असे करू नये. रोज रात्री साडेनऊला जेवत असाल तर त्या दिवशीही साडेनऊलाच जेवावे, मिसळीने त्रास होत असेल आणि ती नेहमी खात असाल तर मिसळ खावी, कामावर जात असाल तर जावे. फक्त दोन बंधने पाळावीत. पहिले, जेवणांच्या मधल्या वेळात च्युइंग गम, सुपारी, पान किंवा चघळायच्या गोड गोळ्या खाऊ नयेत, कारण वाढलेली लाळ आम्ल धुऊन नेते. दुसरे, आंबट पेये एकेक घोट करत तासभर पिऊ नयेत. लिंबू सरबत, कोकम सरबत, सोलकढी, कोला यांतली आम्लता संवेदकाला जठरातल्या आम्लासारखीच दिसू शकते. ती घ्यायचीच असतील तर जेवणासोबत घ्यावीत, कारण जेवणाचा वेळ हिशेबातून वगळला जातो.

यंत्रावर जेवण, आडवे होणे आणि त्रास यांसाठी बटणे असतात. बटण दाबले तरी वहीतही लिहावे, आणि वेळ यंत्राच्याच घड्याळाची लिहावी, मोबाइलची नव्हे. नोंद अशी असावी : ‘९.१० पिठलं, भाकरी, ठेचा सुरू, ९.३५ संपलं, ११.४० आडवे, १२.०५ जळजळ, घशापर्यंत, १२.२० उठून बसले.’ ‘रात्री त्रास झाला’ या नोंदीचा काहीच उपयोग होत नाही, कारण जळजळ आणि आम्लाची चढती वेळ जुळते की नाही हेच डॉक्टरांना पाहायचे असते. खोकला, घसा खवखवणे, ढेकर यांपैकी ज्यासाठी तपासणी करत आहात ती तक्रार प्रत्येक वेळी नोंदवावी, क्षुल्लक वाटली तरीही. झोपताना वायर अंगाखाली येणार नाही असे पाहावे.

दुसऱ्या दिवशी नळी काढायला क्षणभरच लागतो. त्यानंतर बंद केलेली औषधे कधीपासून सुरू करायची हे तिथेच विचारावे. अहवाल हाती आल्यावर त्यातला एक आकडा आधी पाहावा : पीएच (हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) ४ च्या खाली किती टक्के वेळ होता. या विकाराच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या लिऑन सर्वसहमतीनुसार ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे पूर्ण २४ तासांच्या हिशेबाने सुमारे ५८ मिनिटांहून कमी, असेल तर ते सामान्य मानतात. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे ८६ मिनिटांहून जास्त, असेल तर विकार निश्चित मानतात. मधल्या पट्ट्यात दुर्बिणीचा अहवाल, हर्निया आणि तुमच्या वहीतल्या नोंदी मिळून निर्णय होतो. त्यासाठी ती वही यंत्राबरोबर केंद्रात जमा करण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या भेटीला तोही न्यावा.