ऑफर हातात आल्यावर आधी ‘स्टायपेंड’ हा शब्द शोधा : मेकॅनिकलच्या फ्रेशर्ससाठी पुण्यातला अनुभव

मेकॅनिकल करून कोअरमध्येच, म्हणजे मेकॅनिकलच्याच कामात, राहायचं ठरवलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. आयटीत निघालेल्यांनी खुशाल निघावं, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांच्या कॉलेजात कॅम्पसला धड कंपन्या फिरकल्या नाहीत, ज्यांचं नाव एका केटीपायी (राहिलेल्या विषयापायी) ६० टक्क्यांच्या अटीत गळालं, आणि जे आता मोशी-चिखलीत कॉट बेसिसवर राहून रोज चाकणच्या बसमध्ये धक्के खातायत, त्यांनी वाचावं.

रिझ्युमे, नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल, ओळखीतल्यांना फोन, हे तुम्ही करतच असाल. करत राहा. गेटवर जाऊन रिझ्युमे द्यायची पद्धत अजून मेलेली नाही. मोठ्या कंपनीच्या गेटवर तो सिक्युरिटीच्या टेबलावरच राहतो, पण भोसरीतल्या छोट्या शॉपमध्ये बऱ्याचदा मालकच समोर येतो आणि दोन प्रश्न विचारतो. गुरुवारी मात्र जाऊ नका. इकडच्या बऱ्याच शॉप्सची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरगावाहून आलेली पोरं हटकून त्याच दिवशी उतरतात आणि बंद शटरं मोजून परत जातात.

रजिस्ट्रेशन, मेडिकल, युनिफॉर्म डिपॉझिट, कुठल्याही नावाखाली नोकरीसाठी पैसे मागितले की उठून यायचं. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता ज्यात मी अडकलो ते सांगतो. तिथे कुणी एक रुपयासुद्धा मागत नाही, त्यामुळे फसतोय असं वाटतच नाही.

नाव असलेली कंपनी, फोरव्हीलरचे पार्ट बनवणारी. इंटरव्ह्यू कंपनीतच झाला, क्वालिटीच्या माणसानेच घेतला. बस कंपनीची, कँटीन कंपनीचं, सेफ्टी शूज कंपनीचे. जॉइनिंग लेटरवर मात्र लेटरहेड भलत्याच संस्थेचं. त्यात ‘पगार’ हा शब्द कुठेच नव्हता, ‘स्टायपेंड’ होता. ‘कर्मचारी’ नव्हता, ‘प्रशिक्षणार्थी’ होता. घरी सगळ्यांनी फक्त कंपनीचं नाव ऐकलं. आईने पेढे वाटले. काम पूर्ण इन्स्पेक्टरचं होतं. लाइनवर उभं राहून पार्ट चेक करायचे, रिजेक्शनचा डेटा भरायचा, कस्टमर कम्प्लेंट आली की सॉर्टिंगला रात्रपाळीत थांबायचं. शेजारी तेच काम करणारा ऑन-रोल, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचा, माणूस होता, त्याच्या स्लिपवर पीएफ कटत होता. माझ्याकडे स्लिपच नव्हती.

मुदत संपली, लेटर मिळालं, निरोप मिळाला. खरी गंमत पुढे झाली. दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेलो. टेक्निकल राउंड चांगला झाला. एचआरने पीएफ खात्याचा नंबर विचारला, “यूएएन नंबर?”

“नाहीये, मॅडम. मी ट्रेनी होतो.”

“मग हे एक्स्पीरियन्समध्ये धरता येणार नाही. फ्रेशरमध्ये बघितलं असतं, पण आम्हाला याच वर्षीचे पासआउट हवेत.”

हे दोनदा वाचा. अनुभवींच्या रांगेत मी शून्य आणि फ्रेशरच्या रांगेत शिळा. प्रत्येक कंपनीत असंच होतं असं नाही. पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या कंपन्या पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघतात, आणि तिथे तुमचं नावच नसेल तर तुम्ही घासलेल्या रात्रपाळ्या कोणाला दिसत नाहीत.

यात बेकायदा काही असेलच असं नाही, म्हणून तर हे नीट समजून घ्यायला हवं. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली घेतलेला अप्रेंटिस हा कामगार नसतो. त्याला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होत नाही, आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असंही कंपनीवर बंधन नसतं. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये स्टायपेंड ठरला. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेत या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलतं. म्हणजे कंपनीला माणूस स्वस्तात पडतो. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही याच जातीची. पदवीधराला महिना १०,०००, आधी सहा महिने, मग मुदतवाढ. प्रशिक्षण संपल्यावर तिथलीच पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. राग समजतो, पण कागदावर ती नोकरी कधी नव्हतीच.

मग अप्रेंटिसशिप करूच नये का? तसं म्हणत नाही. नॅट्सच्या पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट नोंदवलेली वर्षभराची अप्रेंटिसशिप चांगली असते. शेवटी सरकारी सर्टिफिकेट मिळतं आणि ते दाखवता येतं. पण ही संधी एकदाच मिळते. एकदा केली, किंवा पदवीनंतर वर्षभराचा अनुभव झाला, की पुन्हा पदवीधर अप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींत ही अट स्पष्ट छापलेली असते. तेव्हा ते वर्ष कुठे घालवायचं याचा विचार करा. आणि ज्याची कुठे नोंदच नाही, नुसत्या लेटरवर चाललंय, अशा ‘ट्रेनी’पासून लांब राहा.

जॉइन व्हायच्या आधी एचआरला सरळ विचारा : मी कोणाच्या रोलवर? पीएफ कटणार का, पहिल्या महिन्यापासून? लेटर कोणाच्या लेटरहेडवर? मुदतीनंतर किती जणांना कायम केलं? विचारायची लाज वाटते, हातातली ऑफर जाईल अशी भीती वाटते, मलाही वाटायची. पण यावर एचआर चिडत असेल तर उत्तर मिळालंच. जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) लिहिलेलं असलं म्हणून निर्धास्त होऊ नका. काही ठिकाणी जीईटी पहिल्या दिवसापासून ऑन-रोल असतो, काही ठिकाणी फक्त नावाला.

आधीच आत असाल तर घाबरून राजीनामा टाकू नका. पुण्यात रूमचं भाडं भरून रिकामं बसण्यापेक्षा लाइनवर शिकलेलं बरं. फक्त निघताना प्रत्यक्ष काम केलेल्या कंपनीच्या लेटरहेडवर डिपार्टमेंट, कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेलं पत्र घ्या. एचआर टाळतं. तुमच्या साहेबाला गाठा. स्टायपेंड जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट काढून ठेवा. आणि पुढच्या रिझ्युमेत ट्रेनीचं ‘इंजिनिअर’ करू नका, व्हेरिफिकेशनमध्ये ते उघडं पडतं.

साहेबावरून आठवलं. इंटरनेटवरचे करिअरगुरू मला सहन होत नाहीत. सकाळी पाचला उठा सांगणाऱ्याने कधी थर्ड शिफ्ट केलेली नसते. मला जे आलं ते एका लाइन सुपरवायझरकडून. आयटीआय केलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही, पण पार्ट हातात घेतला की कुठल्या मशीनवर बिघडलाय ते सांगायचा. असा एक माणूस शोधा, त्याला चहा पाजा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या डिझाइन कोर्सवर बापाचे हजारो रुपये घालण्याआधी तर नक्कीच. सॉफ्टवेअर शिकणं वाईट नाही, पण ड्रॉइंग वाचता येत नसेल तर त्याचा काय उपयोग?

आता ज्या व्हेंडर कंपनीत आहे, तिथल्या इंटरव्ह्यूत मालकाने टेबलावर एक बुश (पोकळ गोल पार्ट) ठेवला, माप घ्यायचं वर्नियर पुढे सरकवलं आणि म्हणाले, “आयडी सांग.” म्हणजे आतला व्यास. माझ्या आधीच्या पोराने थेट वरचे छोटे जॉ आत घातले आणि आकडा वाचला. मी आधी जॉ मिटवून झीरो एरर बघितला, म्हणजे बंद असताना वर्नियर शून्यच दाखवतं ना ते. मालक हसले. मग विचारलं, ड्रॉइंगवर २५ एच७ (२५ मिलिमीटरच्या भोकाला किती फरक चालेल याची खूण) लिहिलंय, कुठवर पास करशील? मी सांगितलं, २५.००० ते २५.०२१. हे पाठ करून नाही आलं. त्याच बिनपीएफच्या लाइनवर भोक तपासायचा प्लग गेज घालून घालून अंगात मुरलं होतं. पीएफचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. छोट्या कंपन्यांत काम येतंय का एवढंच बघतात, म्हणून मोठ्या नावांची दारं बंद झाली तरी भोसरी, कुरुळी, रांजणगावकडे फिरत राहा.

पगार मित्रांपेक्षा कमी आहे. लग्नात नातेवाईक अजून विचारतात, “मग पर्मनंट कधी?” पीएफ मात्र पहिल्या महिन्यापासून कटला. तुमचा कटायला लागला की फक्त स्लिपवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, यूएएन चालू करून पासबुक उघडा आणि पैसे खरंच जमा होतायत का ते दर महिन्याला बघा. पगारातून कापून पुढे न भरणारेही आहेत.