उन्हाळ्यात कुत्रा सांभाळताना या चुका टाळा

आपल्याला उकडलं की आपण पंखा लावतो, घाम वाळतो, बरं वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंगातली उष्णता निघून जाते. म्हणून कोरड्या अंगाच्या कुत्र्यासमोर नुसता पंखा लावून निर्धास्त होऊ नका. अंग ओलं केलंत तर तोच पंखा कामाला येतो. दमट हवेत वाफ नीट होत नाही, तेव्हा पारा फार चढलेला नसला तरी जपायला हवं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धापही नीट टाकता येत नाही. तोंड घट्ट आवळणारं कापडी मुसकं कोणत्याच कुत्र्याला उन्हात नको.

‘पाच मिनिटांत येतोच’ म्हणून गाडीत ठेवणं धोक्याचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घडतंच. बाहेर जेमतेम २१ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात ४० अंशांपर्यंत तापमान जातं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

पण गाडीपेक्षा जास्त घात खेळ आणि पळणं करतं, हे फारसं कुणी बोलत नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींच्या अभ्यासात उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश घटनांमागे व्यायाम होता. चेंडूवेडा कुत्रा आपणहून थांबत नाही, थांबवायचं आपण. फिरणं पहाटेवर न्या. संध्याकाळी ऊन गेलं तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

दुहेरी केसांच्या (वर राठ केस, खाली मऊ लव) जातींचे केस मुळापासून भादरू नका, त्वचा उन्हाने भाजते. रोज विंचरून गळलेली लव काढणं पुरे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, झोकांड्या जातात. घाबरून आपण त्याला तसंच उचलून दवाखान्याकडे पळतो. आधी थंड करा, मग निघा. सावलीत आणून अंगभर नळाचं पाणी ओतत राहा, वारा घाला. ‘थंड पाण्याने धक्का बसतो’ या भीतीपायी कोमट पाणी शोधण्यात वेळ दवडू नका. ओला टॉवेल पांघरून ठेवला तर तो तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जाईल. माणसांची तापाची गोळी अजिबात नको. हा ताप नव्हे, आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश. गुदद्वारात थर्मामीटर लावून ३९.५ च्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर तो गारठेल. मग तो शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्यातला बिघाड दोन-तीन दिवसांनीही वर येऊ शकतो.