ऑनलाइन शिकवताय ना? मग या वर्षी स्वतःसाठी एकच ध्येय ठरवा (सोलापूरच्या एका बाईंकडून)

दरवर्षी जूनमध्ये फॉर्म येतो आणि त्यात एक रकाना असतो, व्यावसायिक विकासाची उद्दिष्टं. आपण सगळे तिथं काय लिहितो तर "आयसीटीचा प्रभावी वापर करणे" (आयसीटी म्हणजे माहिती आणि संवादाचं तंत्रज्ञान). मीपण बरीच वर्षं हेच लिहिलंय. पण मार्चमध्ये तो कागद परत वाचला की कळतच नाही आपण ते केलं का नाही केलं, कारण त्यात ना पोरगं आहे ना तारीख ना आकडा. म्हणून मी आता जसं करते तसं सांगते, बघा तुम्हाला जमतंय का.

आधी अ‍ॅपचा विचार करूच नका. आधी वही घ्या आणि ऑनलाइन तासाला कोण येत नाही त्यांची नावं लिहा. मी नववीला गणित शिकवते, शाळा पूर्व भागात, घरोघरी तेलुगू बोलतात, आया विड्या वळतात, वडील लूमवर (यंत्रमागावर). २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा मी सकाळी ११ ला तास घ्यायची आणि अर्धा वर्ग गायब, मला वाटायचं पोरं टाळतायत. मग एकेकीला फोन लावून विचारलं तर उत्तर सगळ्यांचं एकच, "मॅडम फोन पप्पांकडं असतोय, ते रात्री आठला येतेत." म्हणजे अडचण माझ्या शिकवण्यात नव्हती, वेळेत होती, आणि मी मात्र त्याच महिन्यात बोर्डवर लिहायचं नवीन सॉफ्टवेअर शिकत बसले होते! आता शाळा रोज भरते पण संध्याकाळची उजळणी ऑनलाइन चालूच ठेवलीय, आणि दर जूनला मी चार गोष्टी विचारते: फोन कुणाचा, तुझ्या हातात किती वाजता येतो, रोजचा डेटा किती, आणि व्हिडिओ बघताना कुठं अडतं. ही चार उत्तरं मिळाली की ध्येय निम्मं तिथंच ठरतं.

मग ध्येय एका ओळीत लिहायचं. माझं एका वर्षीचं असं होतं: दिवाळीपर्यंत प्रत्येक घटकाचे व्हिडिओ ६ मिनिटांच्या आत, प्रत्येकाखाली ३ प्रश्न, आणि रात्री १० पर्यंत निम्म्याहून जास्त पोरांची उत्तरं आलेली. हे ६ मिनिटं मी मनानं नाही घेतले. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात जवळजवळ ६९ लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंची माहिती तपासली आणि ६ मिनिटांपर्यंतचेच व्हिडिओ लोक सगळ्यात टिकून बघतात असं दिसलं. पण ते ऑनलाइन कोर्सला स्वतःहून नाव घालणारे लोक होते, आपली पोरं रात्री जेवता जेवता भावाबरोबर वाटून फोन बघतात, त्यामुळं मी तर म्हणते ४ मिनिटंच धरा.

आता त्यासाठी शिकायचं काय? तर फक्त त्या ध्येयाला लागेल तेवढंच. मला तीनच गोष्टी लागल्या. मोबाइलवर व्हिडिओ कापायला, ४८० पी मध्ये, म्हणजे जरा कमी क्वालिटीत, सेव्ह करायला (फळ्यावरचं गणित त्यात स्पष्ट दिसतं आणि डेटाही कमी जातो), आणि आवाज. आवाजाकडं कुणी लक्ष देत नाही पण पोरं चित्र धूसर असलं तरी चालवून घेतात, आवाज फुटला की बंदच करतात. साधा कॉलरला लावायचा माइक घ्या. आमच्याकडं शेजारी लूमची खटखट, आणि एप्रिल मे मध्ये पारा ४० च्या वर, पंखा लावला तर घरघर येते आणि नाही लावला तर बसवत नाही, म्हणून मी रेकॉर्डिंग पहाटे साडेपाचलाच उरकते. विज्ञानवाल्यांनी फेटची सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) बघाच, कोलोरॅडो विद्यापीठाची आहेत, फुकट आहेत, बरीचशी मराठीतपण आहेत, आणि डाउनलोड केली की नेट नसतानाही चालतात.

कोर्सेसचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. दीक्षा या सरकारी पोर्टलवर निष्ठाचे, म्हणजे सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्सेस आहेत, स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरपण चांगले मिळतात. माझी एकच विनंती, कोर्स ध्येय बघून निवडा, सर्टिफिकेट बघून नको. आणि स्वतःला एक नियम घालून घ्या, एक भाग संपला की ८ दिवसांत त्यातलं काहीतरी वर्गात करायचं, नाही केलं तर पुढचा भाग उघडायचा नाही. माझे तास यानं हळू भरतात, पण भरलेले डोक्यात राहतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या ना, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले सर, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. मला त्यात सगळ्यात पटतं ते हे की पुस्तक पोराच्या हातात आधीच असतं, तिथूनच सुरुवात केली, पुढं बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले.

आता जरा अवघड भाग, स्वतःचं रेकॉर्डिंग बघणं. महिन्यातून एकदा स्वतःचा लाइव्ह तास घड्याळ घेऊन बघा आणि प्रश्न विचारल्यावर आपण किती सेकंद थांबतो ते मोजा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गात हे मोजलं होतं, शिक्षक साधारण १ सेकंदच थांबायचे, आणि ३ सेकंद थांबले की पोरांची उत्तरं लांब यायला लागली, गप्प बसणारीही बोलायला लागली. आणि हे समोरासमोरच्या वर्गातलं आहे हां. ऑनलाइनला तर आवाज पोचायला वेळ, म्यूट काढायला वेळ, घरातल्यांसमोर बोलायची लाज वेगळीच. मी माझं पहिल्यांदा मोजलं तेव्हा २ सेकंद आले आणि लगेच उत्तर मीच सांगून मोकळी झालेली. त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. मग १० सेकंद थांबायचं ठरवलं, मनात आकडे मोजायची. पहिले दोन आठवडे ती शांतता सहन होत नाही, मग एक पोरगी बोलते, मग दुसरी.

एकट्यानं करू नका. शाळेतला एखादा सहकारी बरोबर घ्या, १५ दिवसांनी एकमेकांची ३ मिनिटांची क्लिप बघायची आणि एकच गोष्ट सांगायची, दहा नाही. आपल्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षण परिषदेत तीच क्लिप दाखवा, बाकीच्यांनाही धीर येतो. फक्त पोरांचे चेहरे, नावं, नंबर त्यात दिसणार नाहीत याची काळजी घ्या. पुरावा म्हणून वहीच पुरते, तारीख, किती उत्तरं आली, काय बदललं, बास.

आणि ध्येय मध्येच चुकीचं वाटलं तर बदला हो, खाली कारण लिहायचं फक्त.

माझं या वर्षीचं सांगते. आमच्या पोरींना त्रिकोण शाळेत भेटतो पण घरी त्रिभुजम् म्हणतात, वर्तुळाला वृत्तम्. म्हणून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत (आमची जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) गणिताचे २० शब्द दोन्ही भाषांत, छोट्या ऑडिओ क्लिप करून प्रत्येक व्हिडिओला जोडायचे. माझं तेलुगू कच्चं आहे, त्यामुळं तेही शिकतेय. आत्तापर्यंत ७ झालेत, आणि सातही पोरींनीच स्वतःच्या आवाजात करून दिलेत, एकीनं तर आजीला विचारून.