एका उपग्रहावर भागत नाही

रिमोट सेन्सिंगकडे, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याकडे, वळणारी कोल्हापूरची मुलं मला बहुतेक वेळा एकच विचारतात: कोणत्या उपग्रहाचा डेटा शिकू? एकाचाच नको, असं मी सांगतो. कारण आपला पावसाळा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं, तेव्हा आभाळ गच्च असतं. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ हे उपग्रह सूर्यप्रकाशात फोटो घेतात, त्यांच्या चित्रात नुसते ढग. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांच्या आरपार बघतं आणि संथ पाणी त्यात काळं उमटतं. पण काळं तेवढं सगळं पूर नव्हे. रंकाळा तलाव बारमाही काळा, आणि जुलैत गगनबावड्याकडची रोप लावलेली, पाणी भरलेली भातखाचरंही काळी. म्हणून उन्हाळ्यातल्या सेंटिनेल-२ च्या स्वच्छ चित्रावरून कायमचं पाणी वजा करायचं, आणि भातासाठी पूर नसलेल्या वर्षाचं त्याच महिन्यातलं रडारचित्र शेजारी ठेवायचं.

शिरोळचा ऊस याहून अवघड. सेंटिनेल-१ ची रडारलहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, ती उंच उसाच्या पानांवरूनच परतते. खाली साचलेलं पाणी निसटतं. निसार या उपग्रहाची एल-बँड नावाची लांब लहर सुमारे २४ सेंटिमीटर, पानांच्या थरातून बरीच खाली जाते. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला सुटला. आपल्या ऊसपट्ट्यासाठी मला त्याची फार आशा आहे.

इतक्या संस्थांची चित्रं एकमेकांवर चपखल बसतात ती आपोआप नव्हे. त्यामागे १९८४ पासून सीईओएस या समितीत अवकाश संस्थांनी चालवलेला समन्वय आहे. एका लँडसॅट उपग्रहाची त्याच जागेवरची फेरी १६ दिवसांची. पण एचएलएस या संचात लँडसॅट ८, ९ आणि सेंटिनेल-२ एकाच ३० मीटरच्या चौकटीत, वातावरणाचा परिणाम काढून मिळतात आणि दर दोन-तीन दिवसांनी चित्र हाती येतं. पूर्वी ही जुळवाजुळव ज्याची त्याला करावी लागे.

सुरुवातीला पैसे घालू नका. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांची चित्रं इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावर, सेंटिनेलची कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे ऑनलाइन वर्गही जरूर करा.

पहिला सराव ऑगस्ट २०१९ च्या पुराचा करा. नकाशा झाला की तो घेऊन प्रयाग चिखलीला, नृसिंहवाडीला जा. पाणी कुठवर चढलं होतं ते लोक भिंतीला हात लावून दाखवतात. तुमची सीमारेषा त्याच्याशी ताडून बघा, आणि उसाच्या रानात ती कुठे तुटते ते आधी तपासा.