छोट्या तळ्यात ट्राउट, बास आणि ब्लूगिल गरवताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) फ्रीमाँटचं क्वारी लेक्स, प्लेझंटनचं शॅडो क्लिफ्स, कॅस्ट्रो व्हॅलीचं लेक शॅबो, लाफायेट रेझर्वॉयर, कुठेही वीकएंडला गेलात तर आपली मराठी मंडळीपण रॉड घेऊन बसलेली दिसतात, आणि त्यातले बरेच जण दोन-तीन वेळा रिकाम्या हाताने घरी गेले की "इथे मासेच नाहीत" म्हणून नाद सोडून देतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मासे असतात. या तळ्यांत मासे आणून सोडलेले असतात, त्यामुळे कोकणातल्या खाडीत गरवायचा अनुभव असला तरी इथलं गणित वेगळं आहे एवढं आधी मान्य करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी किती गार आहे ते न बघता कुठला मासा धरायचा ते ठरवणं. रेनबो ट्राउट हा गार पाण्याचा मासा, त्याला साधारण ५० ते ६० डिग्री फॅरनहाइट पाणी आवडतं, ७० च्या जवळ गेलं की तो खायचं सोडतो आणि जगायलाच धडपडतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं म्हणून तो खाली जातो, पण तळाशी ऑक्सिजन कमी, मग मधल्या एका बारीक थरात अडकून राहतो, आणि उथळ तळ्यात तर असा थरच उरत नाही. म्हणूनच इथली पार्कवाली मंडळी थंडीच्या महिन्यांत ट्राउट सोडतात आणि उन्हाळ्यात कॅटफिश. जुलैच्या दुपारी शॅडो क्लिफ्सला जाऊन ट्राउटची वाट बघत बसलात तर दोष तुमच्या गळाचा नाही. बास आणि ब्लूगिलचं उलटं आहे, पाणी ६० च्या वर गेलं की बास काठाजवळ घरटी करायला येतो, त्याच्या थोडं नंतर ब्लूगिल. साधा थर्मामीटर तंगुसाला बांधा, खाली शिसं लावा, धक्क्यावरून दोन-तीन मिनिटं पाण्यात सोडा आणि मग ठरवा आज कोणाच्या मागे लागायचं. निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

दुसरं, मासे सोडल्याची तारीख न बघणं. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर कुठल्या आठवड्यात कुठे मासे सोडणार ते येतं, पार्कवालेपण सांगतात. मासे सोडणारी गाडी येऊन गेली की पहिले एक-दोन दिवस ट्राउट झुंडीने बोट रँपच्या आसपासच फिरत असतात, बऱ्याचदा वरच्याच पाण्यात. नंतर ते पांगतात. आठवड्याने येऊन त्याच रँपवर सगळे खेटून बसतात आणि काही लागत नाही म्हणून वैतागतात. अशा वेळी जागा बदला, जिथे ओढा येऊन मिळतो ती बाजू, वारा ज्या काठावर येऊन आपटतो तो काठ, धरणाच्या भिंतीजवळचं खोल पाणी, सगळं फिरून बघा. अर्ध्या तासात एकही ओढ नाही तर उठायचं, खुर्चीवर प्रेम करायचं नाही.

शेजाऱ्याला लागतोय, मला का नाही?

हा प्रश्न ट्राउटच्या बाबतीत फार येतो. दोघांकडे तेच पॉवरबेट (मळलेल्या कणकेसारखं विकतचं आमिष), तीच जागा, पण एकाला तीन मासे आणि दुसऱ्याला शून्य. फरक जवळजवळ नेहमी गळाच्या वरच्या दीड-दोन फुटात असतो. पॉवरबेट तरंगतं, शिसं तळाला बसतं, म्हणजे शिसं आणि गळ यांच्यामधला तुकडा जेवढा लांब तेवढं आमिष तळापासून वर. सहा इंचाचा तुकडा ठेवला की आमिष शेवाळात लपतं. १८ ते २४ इंचापासून सुरुवात करा आणि मग वाढवून बघा. शिसं भोकाचं, लाईनवरून मोकळं सरकणारं पाहिजे, म्हणजे मासा ओढतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. खालचा तुकडा ४ पाउंडाचा (म्हणजे तेवढी ओढ सोसणारा), तळ्याचं पाणी एकदम नितळ असेल तर २ पाउंडाचासुद्धा, १० पाउंडाची जाड लाईन ट्राउटला लांबून दिसते. आणि आमिषाचा गोळा वाटाण्याएवढा करा, गळ पूर्ण झाकला गेला पाहिजे. टाकायच्या आधी पायाशी पाण्यात सोडून बघा, गळासकट तो वर येतोय का. बुडाला तर गळ जड आहे, एक साइज बारीक घ्या नाहीतर थोडं आमिष वाढवा. या दहा सेकंदांच्या टेस्टचा कंटाळा करून लोक दोन-दोन तास तळाच्या चिखलात आमिष ठेवून बसतात.

बॉबर (लाईनला लावलेला तरंगणारा गोळा) सारखा हलतोय, आमिष संपतंय, पण लागत काहीच नाही? तो ब्लूगिल आहे, त्याचं तोंड एवढंसं असतं. ८ ते १० नंबरचा बारीक गळ लावा, अख्खं गांडूळ न लावता त्याचा छोटा तुकडा, आणि बॉबर जेमतेम तरंगेल एवढाच. मोठ्या लाल-पांढऱ्या बॉबरला खाली ओढायला जोर लागतो, ब्लूगिलला तो खटकतो आणि तो आमिष थुंकतो. मुलांना घेऊन जात असाल तर सुरुवात ब्लूगिलनेच करा, ट्राउटसाठी तासभर गप्प बसायला लावून मुलांची आवड मारू नका.

बाससाठी मात्र सगळे तळ्याच्या मध्यावर लांब फेकतात आणि बास असतो पायाखाली. गवताची कड, पडलेलं झाड, धक्क्याची सावली, पाणी अचानक खोल होतं ती रेघ. काठाला समांतर फेका, पावलं हळू, आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. मऊ प्लॅस्टिकचा किडा मधोमध गळाला अडकवून टाकला की तो आपोआप थरथरत खाली जातो, तेव्हा हात स्वस्थ ठेवायचा. बहुतेक जण तो तळाला पोचायच्या आतच गुंडाळायला लागतात.

मासा लागून काठाजवळ सुटतो त्याला बहुतेक वेळा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला लाईन सुटायची ते ठरवणारा रीलचा ब्रेक, कारणीभूत असतो. लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव भाग ओढ आली की रील सुटायला लागली पाहिजे. गाठ आवळायच्या आधी ओली करा, कोरडी आवळली की नायलॉन तापून तिथेच कमजोर होतं. मासा लाईन ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलात तर लाईनला पीळ पडतो, तेव्हा फक्त रॉड वर धरा.

आता ज्या गोष्टीची मला जास्त काळजी वाटते ती. सोडून द्यायचा मासा कोरड्या हाताने धरू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मागून रोग होतो. ट्राउटने गळ खोल गिळला असेल तर उपटायला जाऊ नका, लाईन तोंडाजवळ कापा, तसा मासा जगायची शक्यता जास्त. पाणी ७० च्या वर असेल तर ट्राउट पकडून सोडायचा खेळ नकोच, सोडलेला पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. वसंतात उथळ पाण्यात वाळूवर थाळ्याएवढे गोल खड्डे दिसले तर ती ब्लूगिलची घरटी, त्यावर पहारा देणारे मोठे नर सरसकट बादलीत भरले की छोट्या तळ्यात पुढे बारकी चिल्लीपिल्लीच उरतात. कापलेली लाईन काठावर टाकू नका, बदकांच्या पायात अडकते. आणि घरच्या टँकमधला मासा तळ्यात कधीच सोडू नका.

लायसन्सची चूक आपल्याकडे एका खास वेळी होते, भारतातून आई-बाबा आले की. कॅलिफोर्नियात १६ वर्षांपासून पुढे सगळ्यांना लायसन्स लागतं, व्हिजिटर असला तरी, आणि बाबांच्या हातात रॉड देऊन "फक्त पाच मिनिटं" हे वॉर्डनला चालत नाही. एक दिवसाचं लायसन्स मिळतं, ते काढा, किंवा वर्षातले दोन फ्री फिशिंग डे असतात तेव्हा न्या. वर्षाचं लायसन्स २०२३ पासून घेतलेल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतं. दोन रॉड टाकायचे तर वेगळं व्हॅलिडेशन, आणि ईस्ट बे पार्कच्या तळ्यांवर (क्वारी लेक्स, शॅडो क्लिफ्स, लेक शॅबो) रोजचं फिशिंग परमिट त्याशिवाय. ट्राउट तळ्यात दिवसाला ५, बास बहुतेक ठिकाणी १२ इंचाखालचा ठेवता येत नाही, तरी त्या त्या तळ्याचा नियम निघायच्या आधी वाचाच.

खायचं म्हणाल तर स्टॉक केलेला ट्राउट घ्या. बास इतर मासे खाऊन मोठा होतो म्हणून त्याच्यात पारा साठतो, गरोदर बायका आणि मुलांसाठी तर सरकारी सूचना बघितल्याशिवाय नकोच. ट्राउट दोरीला ओवून कोमट पाण्यात दिवसभर लटकवत ठेवू नका, मांस मऊ पडतं. लगेच पोट साफ करा, कण्याच्या खाली जी काळपट रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा, कडवट वास तिचाच असतो, आणि बर्फात ठेवा. खवले एवढे बारीक की काढायची गरज नाही, घरी येऊन हळद, मीठ, लाल तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळला की काम झालं.