फोटोग्राफीचे क्लास सुरू करताय? या चुका टाळा

आषाढी झाली की लग्नाच्या ऑर्डरी आटतात. चातुर्मासात कॅमेरा बॅगेत आणि फोटोग्राफर घरात, त्यामुळे क्लास काढायचं बहुतेकांना तेव्हाच सुचतं. मलाही तेव्हाच सुचलं. वेळ बरोबर निवडली होती, बाकी बरंच चुकलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःच्या कॅमेऱ्यावरून शिकवणं. पहिल्याच तासाला मी थाटात सांगितलं, "अ‍ॅपर्चर २.८ ला घ्या, मागचं धूसर होईल." अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. अर्धा वर्ग डायल फिरवत बसला. त्यांच्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटर झूमची किट लेन्स. ती १८ ला ३.५ पर्यंत उघडते, ५५ ला गेलात की ५.६ च्या वर उघडतच नाही. एका काकूंना वाटलं, कॅमेरा बिघडला. आता मी आधी प्रत्येकाला आपापल्या लेन्सवरचे आकडे मोठ्याने वाचायला लावतो. मागचं धूसर हवंच असेल तर ५५ ला जा, माणसाच्या जवळ जा आणि त्याला भिंतीपासून दहा-बारा फूट पुढे उभं करा. ५.६ लाही छान जमतं.

फळ्यावर एक्स्पोजरचा त्रिकोण (अ‍ॅपर्चर, शटरचा वेग, आयएसओ) काढून तासभर बोलू नका. वर्गातला पंखा लावा. शटरचा वेग १/३० सेकंद ठेवला की पाती पुसट येतात, १/१००० ला जवळजवळ थांबतात, पण फोटो काळा पडतो. "सर, आता उजेड कुठून आणायचा?" असं कुणीतरी विचारतंच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, शिकवायची वेळ ती.

एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करा आणि वेग १/१०० किंवा १/५० वर आणा. बहुतेक वेळा पट्टे जातात.

आता जरा नाजूक गोष्ट. नमुना म्हणून मी एका लग्नातला पाठवणीचा फोटो पडद्यावर लावला, नवरी ढसाढसा रडतेय. मागच्या बाकावरून आवाज आला, "ही माझी मावसबहीण!" मी परवानगी घेतलेली नव्हती. फोटो आपण काढला म्हणजे तो आपला, असं आपण धरून चालतो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. ऑर्डर घेतानाच फोटो वर्गात दाखवायच्या परवानगीची एक ओळ लिहून घ्या, खाली सही घ्या.

बॅच दहा-बारा जणांचीच ठेवा. फी पहिल्याच दिवशी घ्या (नंतर मागायला जड जातं, विशेषतः ओळखीच्यांकडे).

आणि बॅच तुळशीच्या लग्नाच्या आधी संपवा. मी संपवली नाही. शेवटचे दोन तास मुहूर्तांत अडकले आणि वर्गावर माझ्या असिस्टंटला पाठवावं लागलं. मुलांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडला. त्याच्याकडेही किट लेन्सच आहे.